नाहीची वही

नीलम,

तू गेल्याला अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत मी तो शब्द किती वेळा वापरला, त्याला गणती नाही. हार जरा मोठा सांगू का? चालेल. फोटो ओळखपत्रावरचाच मोठा करून घेऊ का? चालेल. शोकसभेत तुम्ही दोन मिनिटं बोलाल का? चालेल. प्रत्येक वेळी वाटायचं, आता मागून तुझा आवाज येणार: "हेमंत, उभा राहा."

तो शब्द आपल्याकडे बंद होता. वागळे इस्टेटमधल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये आपण म्हाताऱ्या आणि अधू माणसांसाठी वॉकर, काठ्या, न्हाणीघरात बसायच्या खुर्च्या बनवायचो. डोंबिवलीचा इंजिनिअर मी, कल्याणचे वेल्डर इस्माईलभाई, आसनं आणि पट्टे शिवणारी दिव्याची रंजना, आणि फिजिओथेरपी शिकून आलेली मोहन्याची तू. तू आमची प्रमुख झालीस आणि पहिल्याच मंगळवारच्या बैठकीत म्हणालीस, "या टेबलावर 'चालेल' म्हणायचं नाही. आपल्याकडे चालेल म्हणजे पटलं असं नसतं. चालेल म्हणजे विषय आटपा, मला घरी जायचंय. जो म्हणेल त्याने उभं राहायचं आणि समोरच्या वस्तूतली न चालणारी एक गोष्ट सांगायची. सांगून झाली की मी 'बस' म्हणेन."

इस्माईलभाईंनी विचारलं, "आणि मॅडम, खरोखरच चालणार असेल तर?"

"तर उभे राहून शोधा. बसून सापडत नाही."

मला ते सगळं बालिश वाटलं होतं. हे तुला मी कधी सांगितलं नाही, पण तुला कळलं असणार, कारण पहिले दोन महिने सगळ्यात जास्त वेळा मीच उभा राहिलो.

मग तू ती वही आणलीस. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी, शाळेत असते तशी. मुखपृष्ठावर विषयाच्या जागी तू लिहिलंस, 'नाही'. बैठकीत जे ठरेल ते संगणकावर जायचं, जो नाही म्हणेल त्याचं म्हणणं वहीत. वर नाव, खाली म्हणणं. लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बरं होतं.

तिथेच आपलं पहिलं भांडण झालं. रंजना एकदा एका खुर्चीच्या मागच्या पायांकडे बघून म्हणाली होती, "मना भ्या वाटतं याचं." मी वहीत लिहिलं, 'रंजना : सुरक्षिततेबाबत शंका.' बैठक संपल्यावर तू वही वाचलीस. खोपटच्या एसटी डेपोसमोर चहाला थांबलो तेव्हाही ती तुझ्या हातात होती.

"तिने काय म्हटलं होतं?"

"हेच. जरा नीट शब्दांत लिहिलंय."

"तू वाक्यांना इस्त्री करतोस हेमंत. भ्या वाटतं म्हणाली ती. तिला त्या खुर्चीची भीती वाटली. तुझ्या वाक्यात भीती कुठे आहे? शंका आहे. शंकेला तू उत्तर देशील, गणित मांडून दाखवशील. भीतीसाठी तुला खुर्चीत बसून बघावं लागेल."

"वही वर गेली आणि साहेबांनी वाचली तर? आगरी बोलीत बैठकीचे मिनिट्स लिहायचे का?"

"त्यांना दिव्याला जायला सांग. तिथे विकायचंय ना आपल्याला?"

मी चहाचा ग्लास ठेवला आणि म्हणालो, बोली लिहून माणूस मोठा होत नाही, त्याला नीट मांडायला शिकवून मोठा होतो. तू म्हणालीस, आधी ऐक, मग शिकव. तुझी बस लागली आणि वाद तिथेच राहिला. पुढची चार वर्षं तो अधूनमधून निघायचा आणि दर वेळी बस लागायची. परवा मी त्या टपरीवर मुद्दाम गेलो. तुझ्या बाजूने काय काय बोलता येईल हे मला आता इतकं पाठ आहे, की मला माझीच बाजू आठवेना.

तुझी बाजू खरी ठरल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. घडीच्या वॉकरचा तो खटका आठवतो? मी दोन महिने त्यावर घालवले होते. अंगठ्याने दाबला की वॉकर मिटायचा, खाट् असा आवाज करून. तो आवाज मला आवडायचा, काम पक्कं झाल्यासारखा वाटायचा. इस्माईलभाई एका मंगळवारी उभे राहिले. "हेमंतसाहेब, हा आवाज ऐकून माझी अम्मी हात काढून घेईल. परत त्याला हात लावणार नाही." मी म्हटलं, सवय होईल. तू माझ्याकडे नुसतं बघितलंस आणि सगळ्यांना थांबवलंस. एक मिनिटभर कोणी बोललं नाही. मग रंजना शिवणयंत्राच्या स्टुलावरून हळूच म्हणाली, "पिशवीला नाडी असते ना, तशी लावली तर? खेचली का मिटंल."

इस्माईलभाई हसत म्हणाले, "बघा, साहेबांचं इंजिनिअरिंग नाडीवर आलं."

सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून जळलो. पंधरा दिवसांनी आपला नाडीचा वॉकर तयार होता. त्याला आवाज नव्हता, संधिवाताच्या बोटांनीही तो मिटायचा, आणि माझ्या खटक्यापेक्षा हलका होता. त्या दिवशी तू मला बाजूला घेऊन सांगितलंस, "माणूस नाही म्हणतो ना, त्यानंतरचं वाक्य आपल्याला हवं असतं. तो ते लगेच बोलत नाही. तेवढं थांबायचं. प्रमुखाचं काम तेवढंच."

मी ते ऐकलं. समजलं असंही वाटलं.

आता त्या मंगळवारचं लिहितो. हे लिहायचं मी इतके दिवस टाळत होतो आणि वरचं सगळं लिहिताना मला माहीत होतं, की मी टाळतोय.

तू तपासणीसाठी रुग्णालयात गेली होतीस. पोटात दुखतंय म्हणून दोन महिने अंगावर काढलं होतंस. जाताना वही माझ्या हातात दिलीस, "बैठक तू घे." टेबलावर नव्या वॉकरचा शेवटचा नमुना होता. दिव्यातल्या काही घरांत तो वापरून बघायला द्यायचा होता. मला घाई होती. वरून दोनदा विचारणा झाली होती, आणि खरं सांगायचं तर तू नसताना तुझ्यापेक्षा लवकर काम उरकून दाखवायची मला हौस होती.

रंजनाने वॉकर फिरवून बघितला. पुढच्या आडव्या नळीवर हात ठेवला आणि म्हणाली, "सर, याला बाया कलशी लावतील."

"काय?"

"कलशी. पानी आलं का. अर्धा तास येतं आमच्यात, बाया हाताला लागंल ते भरतात. एक हात याच्यावर, मग कलशी ठेवायची कुठं? हिथंच लावतील."

मी म्हणालो, "अगं रंजना, हा वॉकर आहे. भिंतीवरची खुंटी नाही."

हसू आलं. माझ्याच वाक्यावर सगळ्यात आधी मी हसलो. इस्माईलभाईही थोडं हसले, मी बघतोय म्हणून. रंजना हसली नाही. तिचा हात नळीवरच होता. ती पुढे काहीतरी बोलणार होती, हे मी बघितलं. आजही डोळ्यांसमोर आहे ते. तिचे ओठ उघडे होते. आणि मी टेबलाभोवती नजर फिरवून विचारलं, "तर मग फायनल? चालेल?"

नीलम, मी विचारलं. तू बंद केलेला शब्द मी प्रश्न म्हणून विचारला. इस्माईलभाई म्हणाले, चालेल. बाकीचे म्हणाले, चालेल. रंजनाने हात काढून घेतला आणि म्हणाली, "चालंल." कोणी उभं राहिलं नाही. वहीत मी लिहिलं, 'कोणाचीही हरकत नाही. सर्वांना चालेल.' खाली सही केली. बैठक वीस मिनिटांत संपली.

तीन आठवड्यांनी दिव्यातल्या एका आजींनी वॉकरच्या पुढच्या नळीला भरलेली कळशी अडकवली. वजन पुढे गेलं, मागचे पाय उचलले आणि त्या वॉकरसकट पडल्या. मनगट मोडलं. डोकं उंबऱ्यावर आपटता आपटता वाचलं.

तू त्यांना भेटायला गेलीस, रंजनाला घेऊन, दोनदा. तेव्हा तुझं निदान झालेलं होतं आणि आम्हाला ठाऊक नव्हतं. मी गेलो नाही. अजूनही गेलेलो नाही.

वर चौकशी सुरू झाली. निर्णय कोणाचा, हे लेखी मागितलं. मी दोन दिवस मसुदा करत होतो. 'वापरकर्त्याकडून अनपेक्षित वापर' असा शब्दप्रयोग मला सुचला होता आणि मी त्यावर खूश होतो. आणि मग दुपारी जेवणाच्या सुट्टीत तुझा फोन आला. तू रुग्णालयात होतीस, मागे कोणाचा तरी नंबर पुकारत होते.

"हेमंत, मी वर कळवून टाकलंय. बैठक माझी, टीम माझी, निर्णय माझा. तसंही मला आता सुट्ट्या लागणार आहेत. तुझ्या मुलीचं बारावीचं वर्ष आहे, तू यात नको." मग थोडं थांबून तू म्हणालीस, "चालेल ना तुला?"

मी म्हणालो, "चालेल."

तू लगेच काही बोलली नाहीस. तिकडे नंबर पुकारणं चालू होतं. मग म्हणालीस, "बरं," आणि फोन ठेवलास.

हे मला तुला विचारायचं होतं. तो शब्द तू दमून वापरलास की मुद्दाम? इतक्या वर्षांत तुझ्या तोंडून मी तो एकदाही ऐकला नव्हता. तू वाट बघत होतीस का, की मी उभा राहीन? त्या शांततेत तू माझ्या पुढच्या वाक्यासाठी थांबली होतीस का, जशी रंजनासाठी थांबायचीस? तसं असेल, तर तुला पुढचं वाक्य मिळालं नाही. माझ्याकडे ते होतंच. "नाही, तो निर्णय माझा होता." इतकं सोपं वाक्य. इस्त्रीचीही गरज नाही.

तुला टीमवरून काढून गोदामाच्या नोंदींवर बसवलं. मी तुझ्या जागी आलो. तू येता-जाता म्हणायचीस, "बसून काम आहे, बरं आहे." मी मान डोलवायचो. तुझ्या टेबलाशी थांबून बोलायचं मी टाळायला लागलो, ते तुला दिसत होतं. तरी माझ्या मुलीला किती मार्क पडले हे सगळ्यात आधी तू विचारलंस. पेढा हातात घेतलास, खाऊ शकत नव्हतीस, रुमालात बांधून घरी नेलास. त्या दिवशी मी पुरुषांच्या बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा होतो.

आणि बैठका. त्या वीस मिनिटांत संपतात, नीलम. कधी पंधरा. वर माझं कौतुक होतं. कोणी काही नाही म्हणत नाही. इस्माईलभाई आराखडा बघतात आणि म्हणतात, "तुम्ही बोलाल तसं, साहेब." रंजना सांगितलेलं माप शिवते, एक टाका इकडचा तिकडे नाही. सहा महिन्यांत आपण एकही नवी गोष्ट केलेली नाही. जुन्या वस्तूंचे रंग बदलले.

शोकसभेत मी दोन मिनिटं बोललो. 'विविध स्तरांतल्या सहकाऱ्यांना एकत्र बांधणारा दुवा' असं तुझ्याबद्दल म्हणालो. वाक्य चांगलं कडक इस्त्रीचं होतं. खाली तिसऱ्या रांगेत रंजना बसली होती. ती माझ्याकडे रागाने बघत असती तर बरं झालं असतं. खुंटीच्या विनोदावर मी हसलो तेव्हा ती जशी बघत होती, तशीच बघत होती. सभा संपल्यावर इस्माईलभाई चपला घालताना माझ्या शेजारी आले आणि खाली बघतच म्हणाले, "मॅडमवर आलेलं ते. आपल्याला माहीत होतं ना, साहेब. आपण सगळे तिथेच होतो." आपण म्हणाले. तुम्ही म्हणाले नाहीत. त्यांचा तो भलेपणा मला सोसला नाही.

वही माझ्या खणात आहे. आज सोमवार, दुपारी ती काढली. ते पान उघडलं. 'कोणाचीही हरकत नाही. सर्वांना चालेल.' माझी सही. खाली निम्मं पान कोरं आहे. पुढच्या आठवड्यापासून पुन्हा तुझी बैठक आहे आणि अक्षरही तुझं, कारण तेव्हापासून वही तूच लिहायला लागलीस, पण नव्या पानावर. तू कागद वाया घालवणारी नव्हतीस. मोहन्याला कामगारवस्तीत वाढलेली तू, वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर यादी लिहायचीस. हे निम्मं पान तू का सोडलंस? कदाचित काही नसेल त्यात. पण मी ते तासभर बघत बसलो.

उद्या मंगळवार आहे. उद्या मी बोलणार आहे. बोललो तर वर कळवणंही आलंच, आणि मग माझं काय होईल ते मला माहीत नाही. त्याची भीती आहेच. पण खरी धास्ती वेगळी आहे. मी सगळं सांगेन आणि समोरचे म्हणतील, जाऊ द्या सर, चालेल. असं म्हणाले तर तू उभी केलेली गोष्ट मी पुरती संपवली, हे सिद्ध होईल.

इथवर काल लिहिलं होतं. आज मंगळवारची संध्याकाळ आहे, मी शेडमध्येच बसलोय, बाकीचे आत्ताच गेले.

मी वही टेबलावर ठेवली आणि उभा राहिलो. म्हणालो, त्या दिवशी हा शब्द मी विचारला होता, नियमाने मी उभं राहायला हवं होतं, उशीर झालाय. मग सांगितलं. खुंटीचं, सहीचं, फोनचं. फोनचं कोणालाच माहीत नव्हतं. इस्माईलभाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी म्हणालो, वर पाठवायला पत्र लिहून आणलंय, कोणाची हरकत नव्हती, निर्णय माझा होता आणि नीलमने तो स्वतःवर घेतला, असं त्यात आहे. वाचून दाखवलं. आणि सवयीने, नीलम, अगदी सवयीने माझ्या तोंडून निघालं, "चालेल?"

पंखा फिरत होता. बाहेर कोणीतरी टेम्पो मागे घेत होतं.

"नाय," रंजना म्हणाली.

मी थांबलो. या वेळी थांबलो. टेम्पोचा आवाज बंद होईपर्यंत ती बोलली नाही, आणि मीही.

"नाय चालनार. यात तुमी हाव, नीलमताई हाय. मी कुठं हाय? मी बोल्ले होते ना तवा. तुमच्या कागदात लिवलंय, कोनाची हरकत नव्हती. माझी होती. तुमी तुमचं चुकलं म्हनता, पन माझं बोलनं परत गायबच केलंत."

इस्माईलभाई म्हणाले, "बरोबर बोलतेय ती."

तिचं खरं होतं. कबुलीजबाबातही मी तिला वगळलं होतं. पूर्ण पत्रात मीच होतो, वाईट का असेना, पण मीच.

मी वहीचं ते पान उघडून तिच्यासमोर सरकवलं आणि पेन दिलं. म्हणालो, "तू लिही." ती म्हणाली, "माझं अक्षर नाय बरं." इस्माईलभाई म्हणाले, "वेल्डिंगपेक्षा बरं असेल, लिही." तिने पेन हातात धरलं, ओळ सोडली, आणि सावकाश लिहायला लागली. वर स्वतःचं नाव. खाली, 'याला बाया कलशी लावतील.' मग थांबली. मी तोंड उघडणार होतो, उघडलं नाही. तिने पुढची ओळ लिहिली. 'मधी खाली कडी पायजे. कलशी मधी बसली तर वजन पायांच्या आत राहील. पडनार नाय.'

नीलम, ते बरोबर आहे. मी मनातल्या मनात गणित मांडलं, ते बरोबर आहे. एक कडी, बोटाएवढी. ती त्या दिवशी तिच्या ओठांवर होती. मी हसलो नसतो तर ती एका मिनिटात टेबलावर आली असती.

पत्रात आता तिचं सगळं म्हणणं तिच्याच शब्दांत आहे. कलशी, मधी, पायजे, सगळं तसंच. ते वर गेलं. उत्तर आलेलं नाही. रविवारी आम्ही तिघं दिव्याला आजींकडे जातोय. इस्माईलभाई कडी लावलेला वॉकर घेऊन येणार आहेत. रंजनाने सांगितलं, "सर, तिथं भाषन नका करू."

मग कडीवर बोलणं सुरू झालं. इस्माईलभाईंना ती मिटणारी हवी होती, रंजनाला नको होती, मिटली तर म्हातारीला दिसणार नाही म्हणाली. ते मोठ्याने भांडले. बैठक दीड तास चालली. त्या दीड तासात मी उभाच होतो. सांगून झालं होतं माझं. पण 'बस' म्हणायचं काम तुझं होतं.